सिकंदर मिस्त्रीचं अंगण

सिकंदर मिस्त्रीनं चाळीस वर्षांत निम्म्या कोल्हापूरच्या घरांत फरशी बसवली आणि स्वतःच्या दारात मात्र चिखल ठेवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शहात्तर सालच्या आषाढात त्याच चिखलात त्याचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि बाराव्या दिवशी तो गेला. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीतले लोक हळहळले, आणि हळहळता हळहळता थोडे हसलेही. फरशीवाला चिखलानं गेला, ही गोष्ट सांगायला सोपी होती.

त्याची बायको ताजबी मात्र रडली नाही. ती इद्दतीत बसली होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, अशी रीत. तिला त्याचं काही जड गेलं नाही. बाहेर जाऊन तरी काय करायचं होतं? भेटायला आलेल्या बायका गळ्यात पडून रडायच्या आणि ताजबी त्यांच्याच पाठीवरून हात फिरवत बसायची, माणूस जणू त्यांचं गेलंय. चहात साखर पडली की नाही हेही तिला कळत नव्हतं. बाईचं काळीज दगडाचं हाय, असं कुणीतरी जाता जाता म्हणालं. ते तिनं ऐकलं, आणि असेल बाई, असं तिला वाटलं.

बावन्नाव्या दिवशी पावसानं उघडीप दिली आणि तिच्या मुलानं, रफिकनं, अंगणाचं काम काढलं. रफिक फौंड्रीत कामाला होता. बाप गेल्यापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, हा चिखल आता गाडायचा. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. कचेरीत हेलपाटे घालून त्यानं आठ पोती पदरात पाडून घेतली होती, आणि दमट हवेत ती दगड व्हायच्या आत वापरायला हवी होती. कंत्राट त्यानं पिराजीला दिलं. पिराजी वीस वर्षं सिकंदरच्या हाताखाली राबलेला. आता स्वतःची चार माणसं घेऊन कामं धरायचा.

ताजबी दाराच्या फळीआड पाट टाकून तांदूळ निवडत बसली. बाहेरचं तिला ऐकूनच कळत होतं. टेप सळसळली. अठरा फूट लांब, बारा फूट रुंद. पिराजी सांगत होता, सहा इंच माती काढू, ढाळ गटाराकडं देऊ, खाली फोडलेल्या दगडांचं सोलिंग आणि वर सिमेंटचा खरखरीत कोबा, म्हणजे पाय घसरायची भीती नाही. रफिक प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होता. मग त्यानं आत डोकावून आईला विचारलं, तुला काही सांगायचंय का.

"तुला बरं दिसंल तसं कर," ताजबी म्हणाली. गेले बावन्न दिवस ती सगळ्यालाच हे म्हणत होती.

राहता राहिली न्हाणीशेजारची जुन्या फरश्यांची थप्पी. सिकंदरची एक खोड होती. काम उरकलं की मालकाकडं उरलेली एखादी फरशी मागायची आणि पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणायची. एका बंगल्यातली काळी कडप्पा, कुठल्याशा दवाखान्यातली ठिपक्याठिपक्यांची, कागलच्या कुणाच्या देवघरातली पिवळी. आपल्या अंगणाला होतील म्हणायचा. दरसाल म्हणायचा, यंदा दिवाळी झाली की बसवतो. दीडशे फरश्या जमल्या, अंगण काही झालं नाही.

त्या फरश्यांचं काय करायचं, असं पिराजीनं विचारलं. रफिकचं उत्तर तयार होतं. फोडून सोलिंगात घाला, ठिगळांचं अंगण मला नको, असं त्यानं सांगितलं. आवाज कडक होता. ताजबीला कळत होतं, त्याचा राग फरशीवर नव्हता. बापाला चिखलातून उचलणारा तोच होता.

तिला स्वतःला काय वाटलं? काही नाही. फोडतील, गाडतील, वर सिमेंट ओततील. तिनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

पिराजीनं हातोडा घेतला, थप्पीतली एक फरशी उचलली आणि बोटाच्या पेरानं वाजवली. तडा गेलेली फरशी बद्द वाजते, धड असली की खणकन बोलते. बसवायच्या आधी मिस्त्री ती अशी वाजवून बघतो. फोडायची फरशी कोण वाजवून बघतं? पण हाताला सवय. फरशी खणकन वाजली. त्यानं ती बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली. तीही वाजली. मग तिसरी. हातोडा काही पडेना तसा रफिक वैतागला.

"धड हाय की रं ही," पिराजी म्हणाला. "धड फरशी फोडायला मिस्त्रीनं शिकवलं न्हाय मला."

फळीआड ताजबीचे हात थांबले होते. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तीस वर्षं तिन्हीसांजेला सायकल भिंतीला टेकायची, सिकंदर नवी फरशी, नाहीतर थप्पीतलीच एखादी, पेरानं वाजवून बघायचा आणि न्हाणीशेजारी खणकन वाजायचं. ते वाजलं की ताजबी तवा चढवायची. बावन्न दिवस तिला तवा कधी चढवायचा ते कळलंच नव्हतं.

तिनं दाराची कडी वाजवली. आतल्या बाईनं बाहेरच्या पुरुषाला बोलवायचं ते असंच. रफिक आत आला. फोडू नका म्हणावं, असं तिनं सांगितलं. त्याच बसवा, कुठली कुठं बसवायची ते तुझ्या अब्बांनी ठरवून ठेवलंय. रफिक म्हणाला, पाय घसरतील. बाहेरून पिराजीनं रफिकचं नाव घेऊन सांगितलं, टाकी-हातोड्यानं टोचून खरखरीत करतो, कुणी घसरणार नाही.  मग रफिक बरं म्हणाला.

"भाभीस्नी इचार," पिराजीचा आवाज आला. "कुठली फरशी कुठं?"

ताजबीनं सांगायला तोंड उघडलं. रोज ती भाकरी थापत असताना सिकंदर चुलीपुढं बसून सांगायचा, काळी इथं, पिवळी तिथं, मधे ठिपक्यांची. ती व्हय म्हणायची. तीस वर्षं व्हय म्हणत आली होती. आता आठवायला गेली तर परातीतल्या भाकरीची थापथाप तेवढी आठवत होती. एकही फरशी आठवेना.

"मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "रोज सांगत हुतं ते. मी कवा ऐकलंच न्हाय रं."

आणि ताजबी रडली. मांडीवरचं सूप कलंडलं, तांदूळ घरभर झाले, आणि ती पोराचा हात धरून मोठ्यानं रडली. रफिकला काय करावं कळेना. तो तिच्याजवळ खालीच बसला. बाहेर पिराजी फरशी हातात धरून तसाच उभा राहिला, आणि त्याच्या माणसांनी फावडी खाली ठेवली.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

"उंबऱ्यापासनं लावा म्हणावं," ती म्हणाली. "इद्दत सुटंल तवा पयला पाय तिथंच पडंल माझा."

रफिकनं निरोप सांगितला. पिराजीनं थप्पीतली सगळ्यांत वरची फरशी घेतली, सिकंदरनं शेवटी आणलेली, उंबऱ्यापाशी नेली आणि पेरानं वाजवून बघितली. ती खणकन वाजली. दुपारचे तीन वाजले होते. ताजबी उठली आणि तिनं तवा चढवला.