पंपाच्या खोलीत माय

बाळीच्या दुधाची बाटली भरली की मी खाली बसते. बाटली ओट्यावर, डोळे तिच्या रेघेच्या बरोबरीला, आणि फेस बसेपर्यंत मनात तीस आकडे. आमचे हे पाथरीच्या शाळेत मास्तर आहेत. ते हसतात. "अगं, दूध हाय ते, डिझेल न्हाई."

हसू देत. ते आत्ता शाळेत गेलेत, बाळी झोपलीय, पीठ परातीत तसंच आहे. तेवढ्यात लिहून घेते.

सेलूला स्टेशनच्या रस्त्यावर आमच्या आबांचं दुकान आहे. पाटीवर 'सूर्यभान डिझेल पंप', एवढंच. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात आम्ही गाव सोडून सेलूला आलो. का सोडलं, ते आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नाही. आबांनी त्याआधी औरंगाबादला एका मिस्त्रीच्या हाताखाली पंपाचं काम शिकून घेतलं होतं. ती विद्या आणि एक जुनं टेस्टिंगचं मशीन, एवढ्यावर त्यांनी शटर उघडलं. पालमपासून ट्रॅक्टर यायचे, पाथरीच्या जीपा यायच्या.

इंजिनाला डिझेल किती द्यायचं ते पंप ठरवतो. सहा सिलिंडर असले तर सहा वाटे, आणि सगळे सारखे. एकाला जास्त, एकाला कमी झालं की इंजिन लंगडतं, ठोकतं, काळा धूर ओकतं. मशीनवर पंप फिरवला की सहा काचनळ्यांत डिझेल पडायचं. फेस बसू द्यायचा, डोळा रेघेला आणायचा, मग आकडा सांगायचा. मी सात-आठ वर्षांची होते तेव्हा उभी राहिले की माझे डोळे बरोबर नळ्यांना लागत. "फुला, तीन नंबर?" "बारा!" "चार?" "बारा!" मग आबा म्हणत, "झालं. आता कुठंबी न्या."

ही मागची खोली कायम बंद. खिडकीला काच, दाराला ओलं पोतं. सेलूत दिवाळीपासून जिनिंग सुरू झाल्या की हवेतच कापूस. पंपातला दट्ट्या आणि त्याचं घर यांच्यात केसाएवढीही फट नसते. कापसाचा एक तंतू शिरला की दट्ट्या अडकला. आबा सुट्टे भाग डिझेलमधे धुवायचे आणि कपड्यानं कधीच पुसायचे नाहीत.

आणि माय जिनिंगमधेच कामाला. संध्याकाळी यायची ती भुवयांपर्यंत पांढरी होऊन. लुगड्याच्या विणीत कापूस, अंबाड्यात कापूस. म्हणून त्या खोलीचा उंबरा मायला बंद. चहाची कपबशी ती दाराशी ठेवायची आणि हाक मारायची, "अवं, निवायलाय बरं का."

"ठिव तिथंच. आत पाय टाकू नको."

"टाकत न्हाई. काय सोनं पुरलंय तिथं!"

मी चौदा-पंधराची झाले तसे आबा नळ्यांच्या अगदी जवळ नाक नेऊन बघू लागले. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे, कच्चा आहे, पिकू द्या, मग काढू. चष्म्यानं भागेना. तेव्हापासून आकडे फक्त माझे आणि पाना फक्त आबांचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, पोरगी बापाला पाणी द्यायला आत जाते. खरं कळलं असतं तर कुणी पंप दिला नसता. आंधळ्याकडून कोण वाटे करून घेईल?

एक्क्याण्णवच्या थंडीत माझं लग्न ठरलं. त्याच आठवड्यात भुजंगराव आले. सेलूच्या कापसाच्या गठाणी वाहणारा त्यांचा ट्रक. त्या ट्रकला त्यांनी इंजिनात जास्त हवा ढकलणारा टर्बो बसवला होता, आमच्याकडं तेव्हा नवीनच निघालेला.

"सूर्यभान मिस्त्री, हवा दुप्पट झाली. आता डिझेल वाढवा. घाटात गाडी अशी पळाली पायजे की मागच्यानं माझा नंबरबी वाचू नये."

"नुसता स्क्रू पिळला तर धूर वाढंल, जोर न्हाई. दट्टे बदलावं लागतील. मोठे टाकतो."

"टाका की. तुमी म्हणताल तसं."

आबा खुलले. असं काम त्यांना वर्षातून एखाद्या वेळी मिळायचं. त्यांनी सहा मोठे दट्टे त्यांच्या-त्यांच्या घरांसकट मागवले. जोड्या मिसळू नयेत म्हणून सहा वाट्यांत वेगवेगळ्या ठेवल्या. आधी नळीत बारा भरायचं, आता सोळा भरायला हवं होतं.

पण टेस्टिंगच्या दिवशीच बस्ता निघाला. सोयरे परभणीला येऊन बसलेले. लग्नाची कापडं घ्यायला नवरी पाहिजे, नवरीची माय पाहिजे. मी म्हणाले, "आबा, उद्या बघू."

"जा तू. आता मला एकट्यालाच करायचंय. रोज पाथरीहून येणार हाईस का?"

बस्त्यात मायला एक साडी घेतली. मोरपंखी, टेरिलीनची. माय दुकानात ती नुसती तळहातावर सरकवत राहिली. "कशी गुळगुळीत हाय बघ. कुसळबी धरायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी भुजंगरावांचा ट्रक दुकानासमोर उभा राहिला तेव्हा समोरचं हॉटेल दिसेना, एवढा धूर. माणसं गोळा झाली.

"मिस्त्री, गाडी दिली होती, वीटभट्टी करून दिली! नाक्यापर्यंत जाईस्तोवर घण मारल्यागत ठोकायलीय."

"नोझलमधे कचरा असंल," आबा म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते पटत नव्हतं, आवाजच सांगत होता.

"ते मला माहीत न्हाई. उद्या सकाळी गठाणी भरायच्यात. सकाळपोतर झालं तर ठीक, न्हाई तर पंप काढून जालन्याला नेतो. तिथं समद्यांना दाखवतो सूर्यभानचं काम."

पंप उतरवून आबा आत गेले. मी मागं गेले. मशीन फिरवलं. सोळा, सोळा, साडेचौदा, सोळा, अठरा, सोळा. मी आकडे सांगितले तसे आबा स्टुलावर बसले.

"मला समदे सारखेच दिसले गं."

"मी आहे ना. आत्ता करू."

"आज हाईस. आठ दिवसानं?"

दाराशी माय उभी होती. दुपारच्या सुट्टीत आलेली, नेहमीसारखी पांढरी. तिनं सगळं ऐकलं होतं. दुकानासमोरचंही ऐकलं असणार.

"मी बघू का?"

"तुला आकडे कुठं येतात?" आबा म्हणाले.

"आकडे न्हाई येत. कमी-जास्त कळतं की. पाच लेकरांत रॉकेलची बाटली पुरवली म्या."

"अगं, तू आत आलीस तर अर्धं जिनिंग आत यील."

माय निघून गेली. मोरीतून पाण्याचा आवाज आला, बराच वेळ. परत आली तेव्हा केस ओले, घट्ट बांधलेले, आणि अंगावर ती मोरपंखी साडी. घडी मोडलेली. लेकीच्या लग्नात नेसायची.

"माय, अगं ती लग्नाची…"

"हिला कुसळ धरत न्हाई," ती म्हणाली. "सरक."

आबा उठून उभे राहिले. नेहमीचं 'आत पाय टाकू नको' त्यांच्या तोंडाशी आलं असेल, पण बाहेर आलं नाही. त्यांनी हातानं चाचपून दाराचं पोतं बाजूला धरलं.

मी शिवणाच्या डब्यातला लाल नायलॉनचा दोरा काढून सहा नळ्यांवर सोळाच्या रेघेशी आडवा ताणून बांधला. माय उभ्यानंच बघू लागली. मी तिला खांदे धरून खाली बसवलं. "डोळा दोऱ्याला लाव. आणि फेस बसेपर्यंत बोलायचं नाही."

आबांनी मशीन फिरवलं. फेस बसला.

"तिसरीतलं दोऱ्याच्या खाली. बोटभर न्हाई, दीड ज्वारीएवढं."

आबांनी पान्यानं बारीकसं फिरवलं. पुन्हा.

"आता ज्वारीएवढं. … आता टेकलं. पाचवी लय चढलीय, तिला उतरवा की हो."

मी तिच्या मागं उभी राहून आकडे बघत होते आणि ओठ आवळून धरले होते. ती एकदाही चुकली नाही. शेवटी सहाही नळ्यांत डिझेल दोऱ्याला टेकलं. माय म्हणाली, "झालं. आता कुठंबी न्या." बारा वर्षं बाहेरून ऐकलेलं वाक्य.

आबांनी शिशाचं सील दाबलं. मग साडीच्या पदराला हात लावून बघितलं. "डिझेल लागलं गं हिला."

"लागू द्या. नवरीच्या मायला वास नको का काही?"

सकाळी भुजंगराव गाडी चालू करून मागं जाऊन उभे राहिले. धूर असा नव्हताच. दोनदा ॲक्सिलरेटर दाबायला लावला. मग गठाणी भरायला गेले. चौथ्या दिवशी पाथरीचे दोन टर्बोवाले त्यांनीच आमच्याकडं धाडले.

लग्नात माय मोरपंखी साडीत वावरत होती आणि जवळ गेलं की डिझेल. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "कंदील सांडला का कुठं?" मी इतकी हसले की माझी लाजरी नवरी म्हणून झालेली कीर्ती तिथंच संपली.

पुढच्या वर्षी आबांचा मोतीबिंदू पिकला, काढला. जाड भिंगाचा चष्मा आला. आता त्यांना दिसतं. पण माझ्या लग्नानंतर मायनं जिनिंग सोडलं ते सोडलंच. मागच्या महिन्यात बाळीला घेऊन गेले तर खोलीच्या दाराशी दोन जोड चपला होत्या, शेजारी शेजारी. आतून बोलणं ऐकू येत होतं.

"टेकलं म्हणते ना मी."

"मला थोडं कमी दिसायलंय."

"तुमाला दिसायलंय, पण तुमी उभ्यानं बघायलाव. बसा खाली."

मी पोतं उचललं. मायनं वळून बघितलं, आधी मला, मग बाळीला, मग बाळीच्या सुती झबल्याला.

"थांब तिथंच," ती म्हणाली. "आत पाय टाकू नको."