एकेरी तिकिटाचा मुक्काम

१९७४ साली माझे यजमान विमानाच्या खुर्चीसकट सांगलीला परत आले. कारखान्याच्या कामाला ब्रुसेल्सला जाताना, दोन देशांच्या मधल्या हवेत विमान हादरलं आणि त्यांच्या कमरेचा पट्टा आवळला तो उघडेना. कात्री चालेना, सुताराची करवत चालेना. तो कायद्यानेच उघडणार होता. कोणत्या देशाच्या, एवढंच ठरायचं होतं. आपला लागला तर ते घरी मोकळे होणार. तिकडचा लागला तर खुर्ची तिकडे जाणार.

कोर्टाच्या प्रत्येक तारखेनंतर आमची बैठकीची खोली थोडी अरुंद होई. मार्गशीर्षापर्यंत आम्ही एकामागे एक बसून जेवू लागलो.

"तुला निदान भिंत तरी दिसते, दादा," वन्सं म्हणाल्या. "मला नुसता वहिनीचा अंबाडा."

वकील कुमुदिनी गुर्जर तिकीट उजेडात धरून म्हणाल्या, "जाऊन-येऊनचं असतं तर शेवटचा मुक्काम घरचाच धरतात. हे एकेरी आहे. परत येणार होते, याचा काही पुरावा?"

"वहिनीनं हातावर दही घातलंच असेल की," वन्सं म्हणाल्या. "तसंच कोण पाठवतं?"

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं.

न्यायाधीश घरीच आले. अंग चोरून आत शिरले.

"निघताना दही दिलंत?"

त्या वर्षी हे तिसऱ्यांदा निघाले होते. मी रागात होते. दही फडताळात होतं, घट्ट लागलेलं, आणि मी म्हणाले होते, आज विरजण लागलं नाही.

"दिलं," मी म्हणाले.

"अगं, शपथेवर आहेस," हे न वळता म्हणाले. त्यांना वळता येत नव्हतं. "साहेब, मी हात पुढे केला होता. तेवढंच."

न्यायाधीशांनी त्यांचा तळवा हुंगला आणि तिकडचा कायदा लिहिला. खुर्ची उचलली गेली आणि दाराच्या चौकटीला न घासता बाहेर पडली.

"स्वेटर घालून बसा," एवढंच मला सुचलं.

गुर्जरबाईंनी पुढे विमानाचे दावे सोडले. वन्सं मिरजेला गेल्या. वारेपर्यंत माझ्या हातचं दही त्यांनी खाल्लं नाही. यांचा पट्टा तिकडे उघडला, असं पत्र आलं. उठून ते कुठे गेले, ते त्यात नव्हतं.

मी इथेच आहे. खोली आता माझ्या खांद्यांएवढी आहे. आज सकाळी दाराला, विमानाला लावतात तसा, चाकांचा जिना येऊन लागला. पायथ्याशी दोन देशांचे दोन शिपाई उभे आहेत. मला कोणी उतरवायचं यावर त्यांचा वाद चालू आहे, आणि जिन्याच्या पायऱ्या वाढत चालल्या आहेत.