राणीघरं

“राणीघर दिसलं की चिमटायचं, चन्नम्मा. दया केलीस की घर फुटतंय.”

ईरप्पाला जाऊन वर्ष होत आलं होतं. तरी शुक्रवार पेठेतल्या त्या एवढ्याशा परसात मधमाश्यांच्या पेटीचं झाकण उचललं, की चन्नम्माच्या कानात नवऱ्याचे हेच शब्द. ती पेटी त्यानं महाबळेश्वराहून मांडीवर घेऊन आणली होती. मरताना हात धरून एवढंच मागितलं, “पेटी रिकामी पडू देऊ नगंस.” तिनं गळ्यातल्या लिंगाला बोट लावून ‘व्हय’ म्हटलं होतं.

आज पोळ्याच्या खालच्या काठाला राणीघरं लोंबत होती, भुईमुगाच्या शेंगांसारखी, तोंडं बंद झालेली. प्रत्येकात एक नवी राणी वाढत होती. ती बाहेर पडायच्या आत जुनी राणी निम्मं बिऱ्हाड घेऊन उडून जाते. चन्नम्मानं बोटं पुढं केली आणि मागं घेतली. महाशिवरात्र होती. आज तिच्या हातून मुंगीही मरायची नव्हती.

“उद्या, पारणं झालं की,” ती पेटीलाच म्हणाली.

दुपारी पेटी दुधासारखी उतू गेली. माश्यांचा लोंढा परसावर भिरभिरला आणि शेवग्याच्या फांदीला घोस होऊन लटकला. धाकटी जाऊ शांतव्वा पाळणा आत ओढत किंचाळली, “अक्का, तुमच्या माश्या माझ्या लेकराला खातील की!”

“पोट भरून निघाल्यात गं, न्हाई चावायच्या. सांजच्याला सुपात उतरवते. दुसरी पेटी...”

“दुसरी?” दीर मल्लाप्पा बाहेर आला. हातातल्या काठीला फडकं गुंडाळलेलं. रेशनचं रॉकेल त्यानं हात न आखडता ओतलं होतं. “एकच ठेवायची बोली हुती न्हवं, वैनी?”

“भावजी, आज शिवरात्र हाय हो.”

“तुमची. मी जेवलोय.”

“ह्यांच्या हातच्या हाईत त्या.”

“दादा गेला. माश्या कशाला ऱ्हायल्या?”

घोस पेटला. “लाह्या फुटल्यागत वाजतंय बघा,” शांतव्वा दाराआडून हसली. चन्नम्मा जप करत उभी राहिली. मान मात्र तिनं दुसरीकडं वळवली नाही.

सकाळी स्नान, विभूती, पारण्याचा घास. मग ती पेटीपाशी बसली आणि नवऱ्याचं ऐकलं. एकेक राणीघर चिमटलं. बोटं दुधाळ झाली. शेवटच्यात पांढरी राणी होती, पाय पोटाशी घेतलेली, पंख फुटू लागलेले. ती किंचित हलली आणि थांबली.

तेव्हा तिला ईरप्पाचं उरलेलं वाक्य आठवलं. तंबाखू मळता मळता तो नेहमी पुढं म्हणायचा, “पण आधी जुनी आत हाय का बघायचं.”

तिनं पेटीतली पोळी एकेक उचलून पाहिली. नवी राणी घडवायला अंडं एकही नव्हतं. जुनी राणी शेवग्याखालच्या राखेत होती, आणि नव्या हिच्या बोटांवर.

“पेटी रिकामी झाली की सांगा, वैनी,” दात घासता घासता मल्लाप्पा म्हणाला. “कोंबडी बसवू अंड्यावर.”

चन्नम्मानं हात धुतले. सूप फडक्यात बांधलं, मधाळ पोळ्याचा एक तुकडा पदराच्या गाठीत घेतला.

“कुठं निघालासा, अक्का?”

“गावाबाहेर, कात्यायनीच्या रानात. झाडाच्या ढोलीत मोहोळ असतंय म्हणं. सुपात उतरवून आणते पेटीत.”

पाळण्यात लेकरू झोपलं होतं. कडी वाजू नये म्हणून तिनं दार हळूच ओढून घेतलं.