सरांची तपासणी

तिने सोनोग्राफीच्या प्रोबवर आवरण चढवलं, त्यावर जेल लावलं आणि टेबलाकडे वळली. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन सर पडले होते. आयुष्यभर पेशंटना त्यांनी असंच झोपवलं होतं.

"संकोच करू नकोस, पोरी," सर भिंतीला म्हणाले. "आज लाजायचं काम माझं आहे."

ती हसली. पन्नाशी उलटलेल्या तिला पोरी म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यांच्या हाताखाली ती शिकत होती तेव्हा भगंदराचं निदान म्हणजे सरांचं बोट. गुदद्वाराशेजारच्या छिद्रातून निघालेली भगंदराची वाट आत कुठे उघडते ते सर चाचपून बघायचे आणि जागा घड्याळातल्या आकड्यांनी सांगायचे. मग शिकणाऱ्यांपैकी एकाला गाठून विचारायचे, "बोला, किती वाजले?" उत्तर चुकलं की त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा. तिने इतका चहा केला होता की वॉर्डातल्या आया तिला चहावाली डॉक्टर म्हणत. ती थट्टा, ते खिडकीतलं दुपारचं ऊन अजून तिच्या डोळ्यांसमोर होतं. सोनोग्राफीचं असं मशीन घ्यायची गोष्ट निघाली तेव्हा सरांनी ती साफ उडवून लावली होती. "माझं बोट काय रजेवर गेलंय?" सगळे पोट धरून हसले होते. तीही.

"सर, किती वाजले?" तिने विचारलं.

"सहा! आणि आहे वरवरचं. सरळ उघडून टाकायचं. महिन्याभरात सायकलवर बसतो की नाही बघ."

तिने प्रोब आत सरकवला आणि भगंदराची वाट बुडबुड्यांनी उठून दिसावी म्हणून बाहेरच्या छिद्रातून बारीक नळीने पेरॉक्साइडचे थेंब सोडले. पडद्यावर स्नायूंची वर्तुळं होती; त्यांच्यामधून बुडबुड्यांची पांढरी रेघ सरकू लागली. ती वर चढली आणि गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूच्या आरपार गेली. असं भगंदर सरळ उघडलं तर तो स्नायूच कापला जातो, आणि माणसाचा शौचावरचा ताबा जातो. तिने पुन्हा एकदा पाहिलं. मग चित्र थांबवलं, प्रोब बाजूला ठेवला आणि सरांना चादर देऊन उठून बसायला मदत केली.

"वरवरचं नाहीये, सर. उघडायचं नाही. त्या वाटेत दोरा घालून, स्नायू सांभाळत दमादमानं करावं लागेल."

सरांनी चष्मा लावला. बोट पडद्याजवळ नेऊन ते त्या रेघेवरून हळूहळू फिरवलं. शेवटाशी आल्यावर पुन्हा सुरुवातीपासून फिरवलं.

"हे बोटाला कळलं नसतं."

"कधीकधी नाही कळत."

"तो पोस्टमन आठवतो तुला?"

तिला आठवत होता. त्याच्या ऑपरेशनला तीच मदतीला उभी होती. सरांनी भगंदर वरवरचं ठरवलं आणि दहा मिनिटांत उघडून मोकळं केलं. दोन महिन्यांनी पोस्टमनने फिरतीचं काम सोडलं, कारण संडासापासून लांब जायची त्याला भीती वाटायला लागली. 'होईल हळूहळू ठीक,' असं सर त्याला म्हणाले होते, आणि तिलाही ते खरंच वाटलं होतं.

"त्याचंही असंच असेल का गं?"

हो म्हणायला तिची जीभ रेटेना. पण सरांनी शिष्यांना पेशंटशी खोटं बोलायला कधी शिकवलं नव्हतं.

"असंच होतं, सर. नंतर मी त्यांची सोनोग्राफी केली. स्नायू कापला गेलाय. अजून येतात ते माझ्याकडे, दर सहा महिन्यांनी."

सरांनी चष्मा काढून ठेवला.

"काय म्हणतो माझ्याबद्दल?"

"तुमच्या हाताला गुण होता म्हणतात. दर वेळी तुमची खुशाली विचारतात."

सरांनी पायजम्याची नाडी हातात घेतली. गाठ मारली, ती सुटली. दुसऱ्यांदाही सुटली. तिने पुढे होऊन ती बांधून दिली, आणि त्यांनी बांधू दिली.

"पुढच्या वेळी तो आला की मला फोन कर," सर म्हणाले. "मी लगेच इकडे यायला निघतो म्हणावं. तेवढं त्याला थांबवून ठेव."