खऱ्या नाटकातले खरे सूप

मी एक जुने सूप आहे, मित्रांनो, आणि बक्षीस मिळालेल्या एका नाटकात मी काम केले आहे. हे सांगताना मला अभिमान वाटत असेल असे तुम्हाला वाटले असेल, तर तो समज आधी काढून टाका.

माझा बांबू आंबागडच्या डोंगराखालचा. एका बुरडाने त्याच्या पातळ पट्ट्या काढून मला विणले आणि फिरत फिरत अड्याळच्या बाजारात आणून विकले. आपण धान पाखडणार असे मला वाटले होते. पण मला घेतले सुंदरबाईने, आणि ती विड्या वळायची. सकाळी घर आवरले की ती सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बसे. माझ्यात भिजवलेली तेंदूची पाने, तंबाखू, कैची आणि दोरा, आणि मी तिच्या मांडीवर. अशी बारा वर्षे गेली. तंबाखूने माझा रंग काळपट झाला. तिच्या मनगटाने घासून घासून माझी एक कड गुळगुळीत झाली.

सुंदरबाईचा नवरा नत्थू एका पायाने अधू होता. शेतातले काम त्याला झेपत नसे, म्हणून तोही बायकांच्या घोळक्यात बसून विड्या वळायचा. गावातले पुरुष त्याला हसत, आणि तोही त्यांच्याबरोबर हसे. त्याला नकला करता येत. विड्या तपासून खराब विड्या बाजूला काढणारा कारखान्याचा माणूस होता, त्याची नक्कल तर अशी करायचा की बायकांच्या मांडीवरची सुपे हलून तंबाखू खाली सांडे. एकदा तो तपासणारा मागेच येऊन उभा राहिला. बायकांनी माना खाली घालून पाने कापायला घेतली. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "बाकी बराबर हाये नत्थू. पण चष्मा मी डाव्या हातानं काढतो." दुसऱ्या दिवसापासून नत्थू डाव्या हाताने चष्मा काढू लागला.

तंबाखूच्या धुळीने त्याची छाती गेली. तीन वर्षांपूर्वी तो वारला. दारूला तो जन्मात शिवला नव्हता.

त्यानंतर एके दिवशी मनिष सर मोटारसायकलवरून आले. ते भंडाऱ्याला एका कॉलेजात शिकवत आणि नाटके लिहीत. सुंदरबाईला त्यांनी सांगितले, "मी निसर्गवादी आहे." तिला वाटले, सरांना झाडाझुडपांची आवड आहे, म्हणून तिने त्यांना परसातले कढीपत्त्याचे झाड दाखवायला नेले. सर हसले. मग त्यांनी समजावले: निसर्गवाद म्हणजे माणसाला पॉलिश न करता, जसा आहे तसा दाखवणे. माणूस म्हणजे त्याचे रक्त आणि त्याची वस्ती, त्यापलीकडे काही नाही. डॉक्टर जसा न कचरता चिरतो, तसे लेखकाने लिहायचे.

मित्रांनो, जसे आहे तसे दाखवायचे, या बोलण्यात मला काही वाईट दिसले नाही. वाईट काय ते मला पुढच्या तीन दिवसांत दिसले.

तीन दिवस सर वही घेऊन सपरीत बसले. शेजारची कुंताबाई खोकली की त्यांचे पेन उचलले जाई. बायका हसायला लागल्या की पेन खाली. हसणे संपण्याची ते वाट पाहत, एखाद्याने रेल्वे फाटक उघडायची वाट पाहावी तशी. भिंतीच्या भेगा त्यांनी मोजल्या. बायका गाणे म्हणत, त्यातली एक ओळही लिहून घेतली नाही. नत्थू प्यायचा का, असे त्यांनी सुंदरबाईला विचारले. ती नाही म्हणाली. सरांनी ते उत्तर वहीत उतरवले नाही.

जाताना त्यांनी मला मागितले. नाटकात सगळे खरे लागते, म्हणाले. सुंदरबाईचे एक जुने लुगडेही नेले. मोबदल्यात तिला प्लॅस्टिकचा एक हिरवा ट्रे दिला आणि नाटक झाले की सूप परत आणून देईन असा शब्द दिला.

तालमीच्या हॉलमध्ये ट्रॉलीभर खरी माती आणून ओतली होती. नटांना खरा खोकला यावा म्हणून सर खरी तंबाखू उधळायचे. सुंदरबाईची भूमिका रिता नावाची मुलगी करत होती. ती मला उलटे धरायची. तिला एकही विडी वळता येत नव्हती. तिने शिकवा म्हटले, तर सर म्हणाले की तुझे हात प्रेक्षकांना दिसणार नाहीत, खोकल्यावर लक्ष दे. बारा वर्षे ज्या हातांखाली मी झिजले, ते हातच या खऱ्या नाटकात नको होते! त्या दिवसापासून मला या माणसाची किळस आली. रिता बरी होती. नत्थू खरेच नाटकातल्यासारखा होता का, असे तिने एकदा विचारले. सर म्हणाले, "अशा वस्तीतून दुसरा माणूस निघूच शकत नाही."

त्यांच्या नाटकातला नत्थू दारुडा होता. नाव नत्थूच. पाय अधू, तोही तसाच. तो बायकोला मारायचा, पोरीच्या शिक्षणाचे पैसे पिऊन टाकायचा, आणि शेवटी मला लाथेने उडवायचा. नकला तो करत नसे. प्रयोगाच्या दिवशी नटाने लाथ इतकी जीव खाऊन मारली की माझी एक बाजू फाटली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. बांबू खरा फाटला होता ना!

नाट्यस्पर्धेचा प्रयोग होता तो. सुंदरबाई आणि तिची मुलगी तृप्ती पहिल्या रांगेत होत्या. सरांनीच बोलावले होते, सत्कारासाठी. पडदा पडल्यावर सुंदरबाईला रंगमंचावर आणले, शाल-नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणून माइक पुढे केला. तिने नारळ खाली ठेवला.

मग म्हणाली, "माह्या मालकानं दारूले कधी हात नाई लावला."

सरांनी हसून सांगितले की मावशी, ही एका माणसाची गोष्ट नाही, साऱ्या वस्तीची आहे.

"मंग नाव वस्तीचं ठेवाचं होतं. त्याहीचं कायले ठेवलं?" ती सरांकडे वळली. "मी सांगतलं होतं तुमाले. सपरीत बसून सांगतलं होतं."

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. एका परीक्षकाने डोळे पुसले आणि प्रेक्षकांतून पात्र उभे करण्याची कल्पना विलक्षण आहे असे शेजाऱ्याला सांगितले. एवढी शिकलेली माणसे, आणि समोर एक बाई खरे बोलते आहे हे एकालाही ओळखता आले नाही.

पडद्यामागे सर आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. अंतिम फेरीतही तुम्ही प्रेक्षकांतून असेच वर या, हेच शब्द बोला, असे त्यांनी सुंदरबाईला सांगितले. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि मातीतून मला उचलले. सर म्हणाले, सूप राहू द्या, फाटल्यामुळे आता ते जास्तच खरे दिसते.

तेव्हा तृप्ती पुढे झाली. "सूप आमचं हाये सर. आई बोलली तेही आमचंच हाये. दोनी नाई भेटणार."

मागून कळले ते असे: अंतिम फेरीसाठी सरांनी बाजारातून नवे सूप आणले आणि चहाचे पाणी लावून जुने केले. प्रेक्षकांतून उठायला एक नटी ठेवली. तिने सुंदरबाईचे शब्द पाठ केले आणि सुंदरबाई रडली नव्हती तिथेही ती रडली. नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. पेपरात आले की इतके सत्य रंगमंचावर क्वचितच दिसते.

तृप्तीने जाड कापड लावून माझी फाटलेली बाजू शिवली. मी पुन्हा कामाला लागले. सगळे पहिल्यासारखे झाले असे वाटत होते. पण नाटकाचा व्हिडिओ गावात या फोनवरून त्या फोनवर फिरला. एका दुपारी विड्या वळता वळता कुंताबाईने हळूच विचारले, "कावो सुंदर, नत्थू बाहीर जाऊन पेत होता का?"

कुंताबाई नत्थूच्या शेजारी दहा वर्षे बसली होती. त्याच्या नकलांना सगळ्यांत मोठ्याने तीच हसायची.

सुंदरबाईची कैची थांबली. एक पान अर्धे कापलेले तसेच माझ्यात पडून राहिले.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी गोष्टी लिहील, कोणी चित्रे काढील. खोकला लिहा, भिंतीच्या भेगा काढा, मला त्यात काही वावगे वाटत नाही. पण कोणाच्या घरून काही मागून न्याल, तर जसे नेले तसे परत करा. मेलेल्या माणसाचे नावसुद्धा.