उरलेला वॉशर

मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर गॅरेजला जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि भाच्याने किल्ल्या मागून घेतल्या. त्याला कुणी काहीही करायला सांगितलं नव्हतं. हा मुद्दा पुढे बऱ्याचदा निघाला.

भाच्याला जुनी हत्यारं नव्यासारखी करण्याचा छंद होता. त्याच्या वयाची पोरं फोनवर काय काय बघतात. हा गंजलेल्या पकडीचे आधीचे आणि नंतरचे फोटो बघायचा, आणि नंतरचा फोटो आला की सुस्कारा टाकायचा. मामांच्या गॅरेजात तर आधीचे फोटो भिंतभर टांगलेले होते. त्याने सगळी हत्यारं उतरवली. पाने, कानशी, हातोड्या, सगळं व्हिनेगरमध्ये बुडवलं, तारेच्या ब्रशने घासलं, पॉलिश पेपर मारला. गॅरेजला असा आंबट वास सुटला की एका माणसाने आत डोकावून इथे खायला काय मिळतं, अशी चौकशी केली.

एक वाकडी सळई मात्र कशाची, ते कळेना. त्याने जाणकारांच्या ग्रुपवर फोटो टाकला. एक म्हणाला, जुन्या ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हचं हत्यार. दुसरा म्हणाला, छे, हे आगगाडीचं. तिसऱ्याने थेट विकत मागितली. मामी आली, तेव्हा तिने सळईकडे एकदाच पाहिलं.

"याने ते शटर खाली ओढतात," ती म्हणाली. "हात पुरत नाही ना त्यांचा."

तोवर सळईला चकचकीत लॅकरचे दोन हात देऊन झाले होते.

सगळ्यात शेवटी त्याने टॉर्क रेंच घेतला. हा लांब दांड्याचा पाना. दांड्यावर माप लावायचं आणि नट आवळायचा. ठरलेल्या मापाइतका आवळला गेला की पाना टक् असा आवाज करतो आणि आपण थांबायचं. हा मामांना त्यांच्या वस्तादांनी दिलेला. घरात देवाला नसेल इतका मान त्याला होता. भाच्याने तो पूर्ण खोलला. आत स्प्रिंग, खिळी, गोळ्या, चकत्या. एकेक भाग चकचकीत केला, ग्रीस लावलं, जोडला. टक् वाजला. भाचा खूश झाला. मग त्याला खाली अंथरलेल्या कागदावर एक वॉशर दिसला.

हत्यार जोडून झाल्यावर एखादा भाग उरतोच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कारखानेवाले जादाचा घालत असतील, शर्टाला जादाचं बटण असतं तसा. वॉशर त्याने खिशात टाकला.

मामा काठी टेकत परत आले. भिंतीकडे बघत उभे राहिले.

"अरे, हे दवाखान्यासारखं दिसतंय," ते म्हणाले. "माझी हत्यारं कुठायत?"

"हीच, मामा."

"ही?" त्यांनी एक पाना उचलला आणि त्यात स्वतःचा चेहरा पाहिला. "मी एवढा म्हातारा झालोय होय?"

दोघंही हसले. ते हसणं भाच्याला नंतर पुष्कळ दिवस ऐकू येत राहिलं.

पहिली गाडी दातांच्या डॉक्टरांची. मामांनी इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. चार दिवसांत गाडी परत आली, खाली तेलाचं डबकं. मामांनी पुन्हा आवळले. गाडी पुन्हा आली. मग एक भाजीचा टेम्पो गळायला लागला. मग शिकवणीवाल्या बाईंची स्कूटर.

त्या दुपारी मामा स्टुलावर बसले, रेंच मांडीवर आडवा.

"गंमत सांगू?" ते म्हणाले. "हात म्हणतो, अजून आवळ. पाना म्हणतो, झालं, टक्. आता ऐकायचं कुणाचं?"

"हाताचं," भाचा पटकन म्हणाला.

"वा! वस्तादांचा पाना तो. तो कसा चुकेल?" त्यांनी पंजा उघडून मिटला. "हातच गेला माझा. महिनाभर गादीवर पडून राहिला, विसरला."

 भाच्याचा हात खिशाकडे गेला. वॉशर त्याने पँटसोबत दोनदा धुतला होता आणि तो अजून तिथेच होता. स्प्रिंगमागचा वॉशर नाही म्हणजे स्प्रिंग ढिली, आणि स्प्रिंग ढिली म्हणजे पाना वेळेआधीच टक् करणार. हे सगळं त्याला एका क्षणात कळलं. तोंड उघडायला मात्र तो क्षण पुरला नाही.

त्याने सोपा मार्ग काढला. मामा जेवायला घरी गेले, तेव्हा त्याने रेंच खोलला, वॉशर जागेवर बसवला आणि पुन्हा बंद केला. पाना दुरुस्त झाला. आता मामा एकदा आवळतील, गळणार नाही, आणि विषय संपेल.

पण मामा रेंचला हात लावायला तयारच होईनात.

"तू आवळ," ते म्हणाले. भाच्याने आवळलं. गळलं नाही. डॉक्टरांची गाडी, टेम्पो, स्कूटर, काहीच गळलं नाही. आठवडाभरात गॅरेजात एकच चर्चा सुरू झाली की पोराला हात आहे. टेम्पोवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. बाईंनी येऊन त्याचा पंजा हातात घेऊन पाहिला. भाच्याने गुन्हा केला होता आणि गुन्ह्याबद्दल त्याला बढती मिळाली होती.

रविवारी मामीने त्याला घरी बोलावलं. ओट्यावर बरण्या रांगेत मांडलेल्या.

"या उघडून दे रे."

त्याने जोर लावला. एकही उघडेना.

"रोज संध्याकाळी बसतात," मामी हळूच म्हणाली. "झाकणं आवळतात. हातात जोर आहे का बघतात. मग तीच उघडायला जातात आणि उघडत नाहीत. लगेच म्हणतात, बघ, गेला जोर. अरे, दोन दिवस साखर बरणीत कोंडलेली आहे! मी म्हटलं, अहो, आवळलंय कोणी? तर ऐकतच नाहीत. काल म्हणाले, शटरची किल्ली कायमची पोराला देऊन टाकतो."

भाचा बरणी कवटाळून उभा राहिला. मग तसाच बाहेरच्या खोलीत गेला. मामा खिडकीशी बसले होते.

"मामा, हात तुमचा बरोबर होता. पाना चुकीचा होता. मी खोललेला, एक वॉशर आत घालायचा राहिला."

"कुठाय वॉशर?"

"आत."

"आत आहे तर राहिला कसा?"

"आधी राहिला. मग मी गुपचूप घातला."

मामांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "माझ्यासाठी असल्या गोष्टी रचू नकोस, बाळा."

"रचत नाहीये! चला गॅरेजात."

मामा काठी घेऊन आले. भाच्याने त्यांच्या समोर रेंच खोलला, वॉशर काढला, जोडला. मामांनी कामाच्या टेबलाला बसवलेल्या बोल्टवर पाना लावला. टक्. "हं," ते म्हणाले, "हात म्हणतो, अजून." वॉशर परत घातला. मामांनी ओढला, ओढला, आणि पाना वाजायच्या जेमतेम आधी तोंडानेच म्हणाले, "आता."

टक्.

त्यांनी पुन्हा केलं. "आता." टक्. डोळे मिटून केलं. "आता." टक्. भाचा वाट बघत होता, आता थोबाडीत बसेल. त्याला ती हवी होती. मामांनी रेंच खाली ठेवला आणि ते बराच वेळ पंजाकडे बघत बसले.

"किती दिवस माहीत होतं तुला?"

"तुम्ही हात गेला म्हणालात, त्या दुपारपासून."

"आणि मी बरण्या आवळत होतो, तेव्हा तू शाबासकी घेत होतास."

"हो."

"चल, गाडीत बस."

ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर दारातच हसले. "या! पोराने काय काम केलंय! मामा, तुम्ही आता आराम करा, हात आहे याच्याकडे."

 मामांनी फक्त भाच्याकडे पाहिलं.

"डॉक्टर, हात मामांचाच आहे," भाचा म्हणाला. "मी पाना बिघडवला होता. तुमची गाडी माझ्यामुळे गळली."

डॉक्टरांचा चेहरा कौतुकाने भरून आला. "बघा! किती जीव आहे मामांवर. त्यांच्यासाठी दोष स्वतःवर घेतोय!"

"नाही हो, खरंच! त्यात एक वॉशर असतो, तो मी..."

"आणि नम्र किती!" डॉक्टर म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले.

भाच्याने मामांकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मामांच्या चेहऱ्यावर माफी कुठे दिसते का, हे तो शोधत होता.

मामांनी पायरीवर बूड टेकवलं आणि दुखरा पाय लांब केला.

"ते बाहेर आले की परत सांग," ते म्हणाले. "पटेपर्यंत सांग. मग टेम्पोवाल्याकडे जायचंय."