लाल पास

"पुन्हा? टाकीभर पाणी पिऊन आलीस का गं?" गळ्यातला लाल पास मुठीत धरूनच सुमनताईंनी विचारलं. चार-दोन जणी फिस्सकन हसल्या. सात नंबर टेबलाची साक्षी मान खाली घालून स्टुलावर परत बसली.

चाकणच्या या कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधले जात. बावीस बायकांच्या लाइनला बाथरूमचा पास एकच, आणि तो लाइन लीडरच्या गळ्यात. नियम कंपनीचा होता, पण सुमनताईंनी पास दागिन्यासारखा मिरवला होता. अकरा वर्षांत त्यांची लाइन एकदाही थांबली नव्हती. स्वतःसाठी तर त्यांनी तो पास कधी वापरलाच नाही. महिन्यातले दहा-दहा दिवस अंगावरून भरमसाट जायचं, तरी एकावर एक पॅड लावून त्या शिफ्टभर उभ्या राहायच्या. आपण काढलं, मग या पोरींना काय धाड भरलीय, असं त्यांचं सरळ म्हणणं.

पण याच बाईंना आणखी एक नाव होतं. अबोली. फोनवर बायकांचा एक गट होता. तिथं कुणाचा नंबर दिसत नसे, जिनं तिनं फुलाचं नाव घेतलेलं, आणि दुखणं सगळ्यांचं तेच. गटाला 'ओव्हरटाइम' हे नाव सुमनताईंनीच सुचवलं होतं. नवऱ्यानं फोन पाहिला तरी कंपनीचंच काही असेल असं त्याला वाटावं! सात दिवसांनंतरही थांबलं नाही की 'आज ओव्हरटाइम' एवढंच लिहायचं. मग अबोलीताई धीर द्यायच्या. "दुखणं अंगावर काढू नकोस गं बाळा, रक्त तपासून घे." रहाटणीच्या घरात भाजी निवडतानाही त्यांचा अंगठा फोनवर चाललेला असे. त्यांची ही माया लाइनवर कुणाला सांगितली असती तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

साडेतीनला चहाची सुट्टी झाली. साक्षी जागची हलली नाही. नखरे, असं मनात म्हणत सुमनताई कँटीनच्या कोपऱ्यात बसल्या आणि त्यांनी फोन उघडला. आठ महिन्यांपूर्वी गटात आलेल्या शेवंती नावाच्या पोरीचा निरोप होता.

"ओव्हरटाइम. अकरावा दिवस. सकाळपासून तीनदा पास मागितला. आमची लीडर सगळ्यांसमोर म्हणाली, टाकीभर पाणी पिऊन आलीस का. आता चहाला सगळ्या गेल्यात, मी बसूनच आहे. कपड्यांना लागलंय. उठले तर सगळ्यांना दिसेल. चक्कर येतेय. अबोलीताई, तुम्ही आमच्या लीडर असत्या तर किती बरं झालं असतं."

सुमनताईंनी ते पुन्हा वाचलं. टाकीभर. शब्द त्यांचाच होता. हातातल्या कपातला चहा मांडीवर सांडला तरी त्यांना चटका कळला नाही. आठ महिने जिला रात्रंदिवस जपलं, ती सात फुटांवर बसून आपल्याकडेच पदर पसरत होती, आणि आपण तिच्यावर लोकांना हसवत होतो!

खाली उत्तरं येऊन पडत होती. जाई लिहीत होती, "बाई आहे का कोण आहे ती?" मोगरा म्हणत होती, "तिला एकदा भोगायला लागलं म्हणजे कळेल." आणि सगळ्यांत खाली, "अबोलीताई, तुम्ही का गप्प?"

सुमनताई लाइनवर आल्या तेव्हा बेल होऊन पट्टा चालू झाला होता. साक्षीच्या ओठांचा रंग उडाला होता. तरी हात टेप गुंडाळतच होते.

"साक्षी, ऊठ. जा."

"नको मॅडम. आता नको." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "शिफ्ट सुटल्यावर जाते. मेमो देऊ नका, पाया पडते."

सुमनताईंनी वरून लोंबणारी लाल दोरी ओढली. पट्टा थांबला, दिवा पेटला. बावीस माना वळल्या. पलीकडून सुपरवायझर रोहिदास धावतच आला.

"काय झालं ताई? लाइन का थांबवली?"

"तिकडं तोंड कर आधी," सुमनताई म्हणाल्या. "माणूस पडायला आलंय हितं. गाडी बोलव."

त्यांनी अंगातला पिवळा ॲप्रन काढला आणि साक्षीच्या कमरेला मागून बांधला. मग पास तिच्या गळ्यात घातला आणि दंडाला धरून तिला बाथरूमपर्यंत नेलं. वाटेत कुणी हसलं नाही.

साक्षी आत गेली, कडी लागली. सुमनताई बाहेर भिंतीला टेकल्या. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

"अबोलीताई, बाईंनी लाइन थांबवली. स्वतःचा ॲप्रन बांधला मला. आता दवाखान्यात नेतील. मला त्यांची फार भीती वाटते. तुम्ही बोला ना काहीतरी."

सुमनताईंनी डोळे पुसले. मग त्यांनी लिहिलं, "कडी काढून ठेव बाळा, चक्कर आली तर बाहेरून दार उघडता येणार नाही. मी बाहेरच उभी आहे. टाकीभर पाण्याचं मीच बोलले, चुकले."

दारामागे फोन वाजला. नळ बंद झाला.

मग कडी निघाली. दार मात्र उघडलं नाही. सुमनताई तशाच बाहेर उभ्या राहिल्या.